भिंतीवरचा टॅबलेट दर दोन-चार दिवसांनी बंद पडतो: लाइट, केबल आणि शिळा आकडा

आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या रो-हाऊसमध्ये पॅसेजच्या भिंतीवर एक जुना १० इंची अँड्रॉइड टॅबलेट लावलाय, त्यावर होम असिस्टंटचा (घरातली उपकरणं चालवायच्या सॉफ्टवेअरचा) डॅशबोर्ड चालतो, टाकीची मोटर, गिझर, गेटचा दिवा, हॉलचे पंखे सगळं तिथूनच. आई त्याला फळा म्हणते. तर हा फळा लावल्यापासून दर दोन-चार दिवसांनी काळा पडायचा आणि मी ऑफिसात असताना आईचा फोन यायचा, "तुझा फळा परत झोपला रे, मोटर कशी लावू?" मोटरचं साधं बटण जिन्याखाली आहे, पण एकदा सवय लागली की तिथपर्यंत कोण जाणार.

सहा-सात महिने मी हे चुकीच्या टोकाने दुरुस्त करत होतो म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. ज्यांनी जुना टॅबलेट, आयपॅड किंवा कॉम्प्युटर भिंतीला लावलाय त्यांना यातलं निम्मं तरी ओळखीचं वाटेल.

आधी काय काय करून झालं ते सांगतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल. फॅक्टरी रिसेट केला, दोनदा. डॅशबोर्डचं ॲप बदलून फुली किओस्क ब्राउझर (एकच पान पूर्ण स्क्रीनवर धरून ठेवणारा) टाकला, तो चांगलाच आहे पण त्याने हा प्रॉब्लेम गेला नाही. एमजी रोडवरून नवीन चार्जर आणला. मग वाटलं बॅटरीच मेलीय, म्हणून तीसुद्धा बदलून घेतली आणि त्यात पैसे गेले ते वेगळेच. प्रत्येक वेळी चार-पाच दिवस बरं चालायचं आणि मला वाटायचं सुटलं एकदाचं, मग पुन्हा तेच. या 'चार-पाच दिवस बरं चालतं' मुळेच सगळ्यात जास्त फसायला होतं, कारण तुम्ही जे शेवटचं केलं असेल त्यालाच श्रेय जातं.

खरा धागा सापडला तो योगायोगाने. एका रविवारी मी काळ्या पडलेल्या फळ्यासमोर उभा होतो, पॉवरचं बटण दाबलं तर रिकाम्या बॅटरीचं चिन्ह आलं, आणि हातातल्या मोबाइलवर होम असिस्टंट उघडलं तर तिथे याच टॅबलेटची बॅटरी ४७ टक्के दाखवत होती. समोर शून्य आणि मोबाइलवर ४७! रीडिंग शनिवारी पहाटेचं होतं.

आता माझा सेटअप सांगतो म्हणजे हे का झालं ते कळेल. लिथियमची बॅटरी कायम १०० टक्क्यांवर चार्जिंगला लावून ठेवली, त्यात आपल्याकडचा एप्रिल-मेचा उकाडा, की ती फुगते, हे आता बहुतेकांना माहीत आहे. म्हणून मी चार्जर एका स्मार्ट प्लगवर (वाय-फायवरून ऑन-ऑफ होणाऱ्या) लावला होता आणि ऑटोमेशन, म्हणजे आपोआप चालणारा नियम, लिहिलं होतं, बॅटरी ३० च्या खाली गेली की प्लग ऑन, ८० च्या वर गेली की ऑफ. इंटरनेटवर सगळे हेच सांगतात, दिसायलाही शहाणपणाचं दिसतं. बॅटरीचा आकडा टॅबलेटवरचं होम असिस्टंटचं ॲप पाठवायचं.

गोची अशी की हे ॲप आकडा स्वतःहून पाठवतं. नाही पाठवला तर होम असिस्टंट शेवटचा आलेला आकडाच धरून बसतं, 'उपलब्ध नाही' वगैरे काही म्हणत नाही. म्हणजे टॅबलेट ४७ वर असताना नेटवर्कवरून गायब झाला तर होम असिस्टंटच्या हिशेबात तो कायम ४७ वरच आहे, ३० च्या खाली कधी जाणारच नाही, प्लग कधी ऑन होणारच नाही, आणि इकडे टॅबलेट गुपचूप शून्यावर येऊन बंद.

आणि गायब का होतो? तर अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, डोझ नावाचा प्रकार आहे. स्क्रीन बंद असेल, चार्जिंग लावलेलं नसेल आणि डिव्हाइस हलत नसेल तर अँड्रॉइड समजतं की मालकाने फोन टेबलावर ठेवलाय, आणि ॲप्सचं नेटवर्क रोखतं, अधूनमधून थोडा वेळ खिडकी उघडतं तेवढीच. आता भिंतीवरचा टॅबलेट बघा. रात्री स्क्रीन बंद. प्लग मीच ऑफ केलेला म्हणजे चार्जिंग नाही. आणि हलायचा तर प्रश्नच नाही, चार स्क्रूने भिंतीला ठोकलाय! तिन्ही अटी मी स्वतःच्या हाताने पूर्ण करून दिल्या होत्या. बॅटरी वाचवायला केलेलं ऑटोमेशनच बॅटरी संपवत होतं.

हे मी माझ्या एका मित्राला सांगितलं, तो अंबडला एमआयडीसीत कंट्रोल पॅनलच्या कामात आहे, त्याचा रोज एचएमआयशी, म्हणजे मशीन चालवायच्या टचस्क्रीन पॅनलशी, संबंध. तो हसलाच. म्हणला, "भावड्या, आमच्या एचएमआयला २४ व्होल्ट डीसी येतो, लाइट आली की तो चालू, गेली की बंद, त्याला बॅटरी नाही की झोप नाही. तू फोन भिंतीला लावलायस आणि त्याने पॅनलसारखं वागावं म्हणतोस. त्याला अजून वाटतंय कुणीतरी येऊन खिशात घालणार आहे."

मग त्याने एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात फिट बसली. कारखान्यात सेन्सरचा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर असतो. शून्य रीडिंगला ० नाही तर ४ मिलिअँपिअर का, तर वायर तुटली तर ० येतं आणि लगेच कळतं की हे रीडिंग नाही, वायर गेलीय. टाकी रिकामी आहे आणि सेन्सर मेलाय यातला फरक सिग्नलमध्येच दिसतो. माझ्या ४७ मध्ये तो फरकच नव्हता. ताजा ४७ आणि शिळा ४७ सारखेच दिसतात.

म्हणून पहिली दुरुस्ती ही. ऑटोमेशन उलटं करा. प्लग मुळात ऑनच राहणार, आणि ऑफ फक्त तेव्हाच होणार जेव्हा आकडा ८० च्या वर आहे आणि तो आकडा ताजाही आहे. मी ताजा म्हणजे ४५ मिनिटांच्या आतला असं धरलंय. ॲप साधारण १५ मिनिटांनी आकडा पाठवतं, म्हणजे दोन-तीन हुकले तरी चालतील पण त्यापुढे नाही. वेळ बघताना 'लास्ट चेंज्ड' बघू नका, बॅटरी बराच वेळ एकाच आकड्यावर थांबली तर ते जुनंच राहतं, 'लास्ट रिपोर्टेड' बघा. आकडा शिळा झाला की काहीही विचार न करता प्लग ऑन. जास्तीत जास्त काय होईल, बॅटरी एखादी रात्र १०० वर राहील, त्याने काही बिघडत नाही.

दुसरी बारीक गोष्ट, ज्यात मी पुन्हा एकदा पडलो. 'बॅटरी ३० च्या खाली' हा ट्रिगर, म्हणजे ऑटोमेशन सुरू करणारी अट, ३० च्या खाली उतरताना एकदाच लागतो, खाली असेपर्यंत परत परत लागत नाही. त्या नेमक्या क्षणी स्मार्ट प्लगच वाय-फायवर नसेल तर ऑनची आज्ञा वाया जाते आणि परत कुणी देत नाही. त्यामुळे मी ट्रिगर काढून टाकला आणि दर १० मिनिटांनी तपासणी लावली: ऑन असायला पाहिजे का, आहे का, नसेल तर कर. आणि प्लगच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये लाइट आल्यावरची स्थिती 'ऑन' करून ठेवा, बऱ्याच प्लगांत ती 'आधी होती तशी' किंवा 'ऑफ' अशी असते.

एवढं केल्यावर काळा पडायचं प्रमाण खूप कमी झालं, पण बंद नाही झालं. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी प्लग ऑन होता, टॅबलेटवर चार्जिंगचं चिन्हही होतं, आणि तरी बॅटरी १२ टक्के.

ही केबल. टॅबलेट ते सॉकेट अंतर जवळजवळ ५ मीटर, मी ऑनलाइन मिळणारी लांब यूएसबी केबल पट्टीतून ओढून नेली होती. या स्वस्त केबलमध्ये तारा केसासारख्या बारीक असतात. साधारण २८ गेजची तार धरली तर मीटरला ०.२१ ओहम, जायची आणि यायची मिळून १० मीटर, म्हणजे २ ओहमच्या वर. त्यातून अर्धा अँपिअर ओढला की १ व्होल्ट केबलनेच खाल्ला. मी मल्टिमीटर लावला तर चार्जरच्या तोंडाशी ५.१ आणि टॅबलेटच्या टोकाला चालू चार्जिंगमध्ये ४.३. व्होल्टेज पडलं की टॅबलेट स्वतःच करंट कमी घेतो, म्हणजे आत जेमतेम पावणेदोन वॉट जात होते आणि दिवसभर पूर्ण ब्राइटनेसची १० इंची स्क्रीन त्यापेक्षा जास्त खात होती. चिन्ह चार्जिंगचं आणि आकडा उतरता. तपासताना केबल काढून मोजू नका, बिनलोडची केबल ५.१ च दाखवेल आणि तुम्ही माझ्यासारखे चार्जरवर डाऊट घेत बसाल.

उपाय म्हणून रविवार कारंज्याकडून येताना १ स्क्वेअर एमएमची लाल-काळी वायर आणली आणि चार्जरपासून भिंतीपर्यंत ती ओढली, शेवटचं अर्धा फूट तेवढं यूएसबीचं टोक जोडलं. आता १० मीटरच्या फेरीला ०.२ ओहमसुद्धा होत नाही, दीड अँपिअरला पाव व्होल्टच्या आसपास पडतं. पण ते लावल्यावर टॅबलेट आधीपेक्षाही कमी चार्ज व्हायला लागला! डोकं धरून बसलो. कारण असं की दोनच तारा नेल्यावर यूएसबीच्या मधल्या दोन डेटाच्या तारा मोकळ्या राहतात आणि टॅबलेटला कळत नाही समोर चार्जर आहे की अजून काय, मग तो भीत भीत थोडाच करंट घेतो. टॅबलेटकडच्या टोकात हिरवी आणि पांढरी तार एकमेकांना जोडून टाकली की त्याला कळतं हा चार्जर आहे, आणि तो दीड अँपिअरपर्यंत घेतो. लाल-काळीला तिचा स्पर्श होऊ देऊ नका आणि ५ व्होल्टची ही वायर २३० च्या वायरींसोबत एकाच पाइपमधून नेऊ नका. हे जुन्या मायक्रो यूएसबीवाल्या टॅबलेटसाठी झालं. टाइप-सी आणि फास्ट चार्जिंगवाला असेल तर हा जुगाड करू नका, चार्जरच टॅबलेटच्या मागे बॉक्समध्ये आणा. नवीन घर बांधत असाल तर सरळ भिंतीत नेटवर्कची केबल टाकून घ्या, पीओईने (पॉवर ओव्हर इथरनेट) तीच केबल वीजही आणते, ४८ व्होल्टच्या आसपास असल्यामुळे केबलमध्ये वाया फारसं जात नाही, आणि मागे छोटा स्प्लिटर लावला की ५ व्होल्ट मिळतात. साध्या पीओईत डिव्हाइसला १२.९५ वॉट मिळतात, टॅबलेटला भरपूर झाले.

आता तिसरं, लाइटचं. पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे संध्याकाळी लाइट जाते-येते, मेंटेनन्सच्या दिवशी तर तासन्‌तास. लाइट गेल्यावर टॅबलेट जिवंत राहतो, राउटर मात्र मरतो. लाइट आली की राउटरचं वाय-फाय मिनिटभरात दिसायला लागतं पण फायबरचं इंटरनेट यायला आणखी दोन-तीन मिनिटं. टॅबलेट या मधल्या वेळात जोडला जातो, इंटरनेट आहे का तपासतो, नाही मिळालं की स्क्रीनवर विचारतो, 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं का?' आणि उत्तराची वाट बघत बसतो. तो प्रश्न कुणाला विचारतोय, पॅसेजमधल्या भिंतीला. माझ्या बाबतीत तर तो कधीकाळी सेव्ह केलेल्या माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उडी मारायचा, मी घरी असलो की, आणि तिथून घरातला होम असिस्टंट त्याला दिसणार कसा. लाइट जाऊन आल्यावर मी घरी असतानाच फळा बिघडतो हे आईचं निरीक्षण बरोबर होतं, मी मात्र तिलाच म्हणत होतो की असं कसं होईल.

यावर: टॅबलेटमधली बाकी सगळी नेटवर्क विसरायला लावा, घरचं एकच ठेवा. त्या प्रश्नाला एकदा 'हो, नेहमी' म्हणा, आणि 'खराब वाय-फाय आपोआप बदला' असं काही सेटिंग असेल तर बंद. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, हा सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला खर्च. डॅशबोर्डचा पत्ता नावाने न देता राउटरमध्ये होम असिस्टंटच्या मशिनला आयपी पक्का करून तोच आकड्यांचा पत्ता आणि ८१२३ पोर्ट द्या, डॉट लोकलवालं नाव जुन्या अँड्रॉइडला कळतच नाही. टॅबलेटचा आयपीही पक्का करणार असाल तर लक्षात ठेवा, अँड्रॉइड १० पासून पुढे आणि आयओएस १४ पासून पुढे वाय-फायला खोटा मॅक पत्ता, म्हणजे डिव्हाइसचा ओळख क्रमांक, द्यायची सवय आहे, ती घरच्या नेटवर्कपुरती बंद करा, नाहीतर रिसेटनंतर तुमचं आरक्षण भलत्याच्याच नावावर राहील. फुली किओस्कमध्ये नेटवर्क परत आल्यावर रिलोड, एररनंतर रिलोड आणि बूट झाल्यावर सुरू हो, ही तिन्ही टिक करा. आणि ॲपला बॅटरी सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, हे तर पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

एकदा पूर्ण मेलेला टॅबलेट उठवल्यावर अजून एक नाटक होतं, घड्याळ कुठल्यातरी जुन्या सालात जातं आणि मग 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं, कारण सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या ओळखपत्राची, मुदत त्याच्या हिशेबाने अजून सुरूच झालेली नसते. तारीख बरोबर केली की जातं. फार जुन्या आयपॅडवर मात्र तारखेने जात नाही. आयपॅड २ आणि पहिला आयपॅड मिनी आयओएस ९.३ वरच अडकलेत, लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) जुनं रूट सर्टिफिकेट ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं आणि नवं या आयपॅडना ओळखता येत नाही. घरातल्या घरात साध्या एचटीटीपीने चालवलं तर सर्टिफिकेटचा प्रश्न सुटतो, पण आजचा डॅशबोर्ड त्या जुन्या सफारीत उघडायचा नाही. त्यावर घड्याळ नाहीतर फोटो लावा, पॅनल करायच्या नादी लागू नका. बाकी जरा नवा आयपॅड पॅनल म्हणून चांगला, बॅटरी संपून बंद पडला तरी चार्जिंग मिळालं की स्वतः सुरू होतो, अँड्रॉइड बहुतेक वेळा नुसतं चार्जिंगचं चित्र दाखवत बसतो. आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस (एकाच ॲपमध्ये अडकवून ठेवणारं सेटिंग) ऑन आणि ऑटो-लॉक 'कधीच नाही'.

गंगापूर रोडला मेहुण्याकडे जुना ऑल-इन-वन कॉम्प्युटर लावलाय, तिथे बॅटरीचं झंझट नाही. बायोसमध्ये लाइट आल्यावर आपोआप सुरू व्हायचं सेटिंग ऑन केलं आणि निम्मं काम झालं, राहिलेलं निम्मं म्हणजे विंडोजचे अपडेट, ते वेळ बघून येत नाहीत.

भुताटकीचं राहिलं. इन्व्हर्टरवर गेलं की फळा स्वतःच बटणं दाबायचा, रात्री पंखा बंद, गिझर चालू. बाबा शपथेवर सांगायचे मी हात लावला नाही. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आणि चार्जर हलका असला की चार्जरमधून आवाज, म्हणजे विजेतला कचरा, स्क्रीनपर्यंत येतो आणि टच गोंधळतो. ओळखायचं सोपं, केबल काढा, लगेच थांबलं तर चार्जरच. डेव्हलपर ऑप्शनमध्ये 'पॉइंटर लोकेशन' ऑन केलं की बोट न लावता रेघा ओढल्या जाताना दिसतात. मी बीआयएस मार्कवाला चांगला चार्जर तीन पिनच्या, खरं अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावला आणि गिझरच्या बटणाला 'दाबून धरा' केलं. रेघा थांबल्या, तरी गिझरसारखी गोष्ट एका टचवर ठेवू नका.

बॅटरी फुगलीय का ते महिन्यातून एकदा बघा. टॅबलेट काढून सपाट ओट्यावर पालथा ठेवा, डुलला किंवा स्क्रीनची कड उचललेली दिसली तर त्या क्षणापासून चार्जिंग बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, कचऱ्याच्या गाडीतही नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा. माझी पहिली बॅटरी अशीच निघाली होती, पश्चिमेच्या भिंतीवर लावला होता तेव्हाची, दुपारभर ती भिंत तापते. आता पॅसेजच्या आतल्या भिंतीवर आहे.

सगळं झाल्यावर एक चाचणी घ्या, घरच्यांना आधी सांगून. मेन एमसीबी पाडा, २० मिनिटं थांबा, वर करा, आणि कशालाही हात न लावता १० मिनिटांत डॅशबोर्ड परत येतोय का बघा. मग रात्री झोपताना टॅबलेटचं वाय-फाय मुद्दाम बंद करा आणि सकाळी प्लग स्वतःहून ऑन झालाय का बघा. या दोन्हीत पास झाल्यापासून आमचा फळा चार महिन्यांत एकदाही काळा पडलेला नाही. इन्व्हर्टरवर जाताना अजून दहा-बारा सेकंद पांढरा पडतो आणि पान परत लोड होतं, ते मी सोडून दिलंय. आईने मात्र मोटर परत जिन्याखालच्या बटणावरूनच लावायला घेतलीय.